दोघी जावा, उजाड डोंगरांत

नीलिमावहिनी,

काल ईशा आणि मी तुझ्या बेसमेंटमध्ये बसलो होतो. टेबलावर तुझा भिंगाचा दिवा अजून तसाच आहे. एका कपात सुया, दुसऱ्या कपात जुने टूथब्रश. ईशानं ड्रॉवर ओढला तर आत कापसावर मांडलेले आपले ट्रायलोबाइट, दगड झालेले ते जुने किडे, आणि प्रत्येकाखाली तुझ्या बारीक अक्षरातली चिठ्ठी: कुठला डोंगर, कुठली बाजू, कोणाला सापडला. ईशा एकेक वाचत होती. "काकू, हाऊ कम मोस्ट ऑफ देम से वैशाली?" मी म्हटलं, तुझ्या आईला मोठमोठे दगड फोडायची हौस, म्हणून तिच्या वाट्याला कमी आले. ती हसली आणि मग तिथेच खाली बसून रडायला लागली.

मी खोटं बोलले. त्यातले निम्मे तरी तुझे आहेत. मला नीट आठवतंय, कुठला कोणाच्या हातोडीखाली सुटला ते. तू घरी येऊन चिठ्ठ्या लिहिताना स्वतःचे माझ्या नावावर केलेस आणि मला कधी बोलली नाहीस.

तुला जाऊन नऊ दिवस झाले. या घरात सगळ्यांसमोर मी "वहिनी असं म्हणायच्या, वहिनींना हे आवडायचं" असंच बोलते. आपण "अगं-तुगं"वर आलो होतो हे इथं कोणाला माहीत नाही. सव्वीस वर्षं मी तुला "अहो वहिनी" म्हटलं आणि शेवटचे आठ महिने "तू". तेही फक्त त्या डोंगरांत आणि नंतर फोनवर, मिलिंद शेजारच्या खोलीत असेल तर तेव्हाही नाही. हे पत्रच आहे म्हण. तू ॲन आर्बरला नाहीस, मी रेडमंडला नाही, तुझ्या जेवणाच्या टेबलाशी बसून लिहितेय, कारण तुझ्याशी बोलायची मला दुसरी रीत उरलेली नाही.

नऊ वर्षं आपले नवरे एकमेकांशी बोलत नव्हते. सख्खे भाऊ, थोरले दादा मिशिगनमध्ये, माझा मिलिंद वॉशिंग्टन राज्यात. नाशिकला त्यांच्या आई गेल्या तेव्हापासून. आपण दोघी मात्र दिवाळीला, संक्रांतीला, मुलांच्या वाढदिवसांना फोन करायचो. "कशा आहात?" "बऱ्या आहोत." लोणच्याचं प्रमाण, ईशाची नोकरी, माझ्या गुडघ्याचं दुखणं. भावांचा विषय दोघी अशा टाळायचो की जणू तो घरातला ओला रंग आहे, हात लागला तर डाग पडेल.

मग मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये तुझा फोन आला, सणवार काही नसताना. तुझी म्युझियममधली अर्धवेळची नोकरी बंद झाली होती. चौदा वर्षं तू तिथे तळघरात बसून दुसऱ्यांनी आणलेली फॉसिल्स सुईनं कोरून साफ केलीस. नागपूरहून एम.एस्सी. जिऑलॉजी करून आलेली तू. आधी नुसती नवऱ्याच्या व्हिसावर, मग ईशा लहान म्हणून घरात, मग फुकट मदतनीस आणि मग कुठे ती नोकरी.

"वैशाली, मी आयुष्यात एकही फॉसिल स्वतः शोधलेलं नाही," तू म्हणालीस. "लोकांचंच निवडून राहिली. युटाहला डोंगर आहेत, तिथं सरकारी जमिनीवर स्वतःपुरते थोडे उचलायला परवानगी आहे. तुझ्या दादांना मोटेलं चालत नाहीत. तू चल."

मी म्हटलं, "मी? मला त्यातलं काय कळतं?"

"आपण जावा ना? मग जाऊ."

स्वतःच्याच विनोदाला तू इतकी हसलीस की मला नाही म्हणता आलं नाही. मिलिंदला मी सांगितलं, वहिनींबरोबर जातेय. तो लॅपटॉपवरून मान न उचलता "बरं" म्हणाला. नंतर मी बॅग भरताना खोलीत आला आणि म्हणाला, "त्यांना म्हणावं, पाणी जास्त ठेवा गाडीत."

सॉल्ट लेक सिटीच्या विमानतळावर तू माझ्या आधी पोचली होतीस. डोक्यावर ईशाची जुनी टोपी, पायात नवे कोरे बूट आणि हातात भाड्याच्या गाडीची किल्ली. दक्षिणेकडे अडीच तास गेल्यावर डेल्टा नावाचं गाव लागलं. पेट्रोल पंप, दोनचार मोटेलं, गवताच्या गंज्या. तिथून पश्चिमेला निघालो की मग माणूस नाही. एक डोंगररांग, मग पसरट, पांढुरकी, कोरडी दरी, मग पुन्हा डोंगररांग, आणि असंच पार नेवाडापर्यंत. झाड म्हणून नाही. मला पहिल्या तासात धडकीच भरली. रेडमंडच्या पावसाळी हिरव्यात राहिलेली मी. तू गाडी चालवत होतीस आणि खिडकीबाहेर बघून एकेका डोंगराची कुळकथा सांगत होतीस, जणू नागपूरला सीताबर्डीवर कोणाचं दुकान कुठलं ते सांगतेयस.

पहिल्या दिवशी आपल्याला काही म्हणता काही मिळालं नाही. उतारावर पाटीसारखा काळपट दगड, पापुद्र्यापापुद्र्यांचा. तू मला शिकवलंस: गॉगल लाव, दगड कडेवर उभा धर, छिन्नी पापुद्र्यांच्या फटीत, वरून हलकी टकटक. "जोर लावू नको. तो स्वतः सुटते. तुला फक्त विचारायचं आहे." मी दीडदोनशे दगडांना विचारलं असेल. सगळे कोरे. दुपारी तीन वाजता माझी पाठ गेली आणि मी म्हटलं, "अहो वहिनी, आहेत ना इथे नक्की?"

"तुम्ही-आम्ही सोड गं आता," तू म्हणालीस. "पन्नास कोटी वर्षांच्या किड्यांपुढे आपल्या वयातल्या सहा वर्षांचं काय घेऊन बसली? तू म्हण मला."

मला जमेना. संध्याकाळपर्यंत मी वाक्यंच अशी करत होते की त्यात तूही येऊ नये आणि तुम्हीही येऊ नये. "पाणी हवंय का?" "निघायचं का?" तुझ्या लक्षात आलं होतं. रात्री जेवताना मुद्दाम विचारलंस, "मी काय मागवू असं वाटते तुला?" आणि मी अडकले. "तू... सूप घे," मी म्हटलं. एवढं म्हणताना मला घाम आला. तू सूप घेतलंस. तुला ते आवडलं नाही, तरी संपवलंस.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला माझ्या हातातला दगड उघडला आणि आत अंगठ्याच्या नखाएवढा काळा, ठसठशीत जीव. पाठीचे तीन उभे पट्टे, बाजूला बारीक फासळ्या. खेकडा आणि पैसा किडा यांच्यामधलं काहीतरी, असं तू सांगितलं होतंस, अगदी तसाच. मी ओरडले. तू उतारावरून घसरत, पडत आलीस. भिंग लावून कितीतरी वेळ पाहत राहिलीस आणि म्हणालीस, "पूर्ण आहे. एक फासळी तुटलेली नाही." तुला हेवा वाटला का गं जरा? वाटला असेल तर तू तो दाखवला नाहीस.

तुझा पहिला दुपारी मिळाला. मी कॅमेरा काढून तयार होते, तू रडशील म्हणून. तू तो तळहातावर घेऊन दगडावर बसलीस. मग म्हणालीस, "मला वाटलं होतं, रडू येईल. भूकच लागली." आपण तिथेच बसून थालीपीठं खाल्ली, तू घरून करून आणलेली, दोन दिवसांची शिळी. मी त्या दिवसाइतकी आनंदात तुला सव्वीस वर्षांत पाहिली नव्हती. लग्नातल्या फोटोतसुद्धा नाही.

तिसऱ्या दिवशी आपण पुढच्या रांगेकडे निघालो. खडीचा रस्ता, मध्ये एवढी मोठी दरी, आणि बरोबर तिच्या मधोमध उजवं मागचं चाक पंक्चर होऊन बसलं. डिकीत स्टेपनी होती, जॅक होता, पाना होता. पाचपैकी चार नट आपण दोघींनी मिळून सोडवले. पाचवा हलेना. तू पान्यावर उभी राहिलीस, मी राहिले, मग दोघी एकमेकींना धरून राहिलो. फोनला रेंज नाही. अकरा वाजले होते. गाडीची सावली जेमतेम दोघींपुरती. पाणी भरपूर होतं, मिलिंदच्या कृपेनं. मी तसं म्हणाले आणि त्याचं नाव निघालं.

तू म्हणालीस, "तुझे दादा झोपेत बोलतात, माहीत आहे? 'थांबा, मी आलो' म्हणतात. नऊ वर्षं झाली."

मी पान्यावरची धूळ पुसत बसले.

"मी त्यांना दोष देत नाही आणि मिलिंदलाही देत नाही," तू म्हणालीस. "पण एक मला समजत नाही. मिलिंद मुंगी मारायची तर चारदा विचार करणारा. त्यानं एकट्यानं कसं ठरवलं, व्हेंटिलेटर लावायचा नाही म्हणून? भाऊ विमानात असताना?"

वहिनी, तिथे माणूस नव्हतं, रेंज नव्हती, आणि चाक निघत नव्हतं, म्हणून मी बोलले असं नाही. तू दोष देत नाही म्हणालीस म्हणून बोलले. नऊ वर्षांत असं कोणी म्हटलं नव्हतं.

मी तुला सांगितलं. दादांनी फ्रँकफर्टहून फोन करून सांगितलं होतं, मी येईपर्यंत काहीही करा, मशिनवर ठेवा, आणि मिलिंद हो म्हणाला होता. तो कागदांवर सह्या करायला खाली गेला. खोलीत मी एकटी होते. आईंना श्वास पुरत नव्हता, पण त्या जाग्या होत्या. त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "नळ्या नकोत. मला ताटकळत ठेवू नका." मी म्हटलं, आई, दादा येताहेत. त्यांनी मान हलवली, नको अशी. पुन्हा तेच म्हणाल्या. मी धावत खाली गेले आणि मिलिंदला सांगितलं. तो भिंतीला टेकून उभा राहिला आणि मग त्यानं सही केली नाही. आई संध्याकाळी गेल्या. दादांचं पुढचं विमान चुकलं, नातेवाईक थांबायला तयार होईनात, आणि दादा दारात आले तेव्हा सगळं उरकलं होतं. त्यांनी विचारलं, "कोणी ठरवलं?" मिलिंद म्हणाला, "मी." त्यानं माझं नाव घेतलं नाही आणि आईंचंही घेतलं नाही. त्या रात्री मला म्हणाला, "आईला त्याची वाट बघायची नव्हती, हे मी त्याला कसं सांगू? तूही सांगू नकोस कधी."

तू सगळं ऐकून घेतलंस. मग म्युझियमच्या टेबलाशी बसल्यासारखी विचारायला लागलीस. आधी काय म्हणाल्या? नळ्यांचं आधी की ताटकळतचं? मान कशी हलवली? दोनदा म्हणाल्या की तीनदा? मला राग आला. मी म्हटलं, "तुझा विश्वास नाही का?"

"माझा आहे. तुझा आहे का, ते पाहून राहिली."

तू बरोबर ओळखलंस. नऊ वर्षांत मी ते वाक्य मनात इतक्या वेळा वाजवलं होतं की मूळ आवाज उरलाच नव्हता. कधीकधी वाटायचं, त्या "पाणी" म्हणाल्या असतील आणि मीच काहीतरी ऐकलं. सुनेनं ऐकलं, दुसरं कोणी नाही, आणि तिच्या शब्दावर एक बाई गेली आणि दोन भाऊ तुटले. हे मी मिलिंदला कधी बोलले नव्हते. तुला तिथे, गाडीच्या सावलीत, चाकाला पाठ टेकून बोलले.

तू माझ्या डोक्यावरून हात फिरवलास. मग म्हणालीस, "हे तुझ्या दादांना समजायला पाहिजे."

"तू सांग मग."

"मी काऊन सांगू? मी ऐकलेलं नाही. जिनं ऐकलं तिनं सांगायचं."

"मी मिलिंदला वचन दिलंय."

"आणि तुझे दादा झोपेत थांबा थांबा म्हणून राहिले त्याचं काय?"

"त्यांना काय बरं वाटणार आहे हे ऐकून? आईला तुमची वाट बघायची नव्हती, हे?"

"बरं वाटेल असं मी म्हटलंच नाही," तू म्हणालीस. "खरं आहे, एवढंच म्हटलं."

मग आपण चांगल्याच भांडलो. तू म्हणालीस, तुम्ही दोघं नवराबायको स्वतःला फार त्यागी समजता. मी म्हटलं, तू तुझ्या घरात बसून सोपं बोलतेस. तू म्हणालीस, माझ्या घरात काय सोपं आहे ते तुला काय माहीत. दोन वाजता धुळीचा लोट दिसला आणि एक जुना पिकअप येऊन थांबला. आत सत्तरीची बाई, शेजारच्या सीटवर कुत्रा. "यू लेडीज ऑलराइट?" तिनं आपले चेहरे पाहिले आणि बहुतेक तिला वाटलं, चाकावरून भांडल्या. तिनं पान्यावर एक लांब पाइप चढवला, एकच झटका दिला आणि नट सुटला. तिला तू तुझ्याकडची दोन थालीपीठं दिलीस. तिनं वास घेऊन एक कुत्र्याला दिलं आणि एक स्वतः खाल्लं.

पुढचे दोन दिवस आपण दगड फोडले, पण बोललो कमी. नेवाडात इली गावच्या मोटेलात तू खिडकीशी बसून ट्रायलोबाइट टिश्यूत गुंडाळत होतीस. मी म्हटलं, "दादांना सांगणार आहेस का?" तू म्हणालीस, "नाही म्हटलं ना. तुझं तू पाहा." विमानतळावर मला घट्ट मिठी मारलीस आणि कानाशी म्हणालीस, "मी गप्प राहीन. पण मला पटलेलं नाही, हे ध्यानात ठेव."

त्यानंतर दर रविवारी तुझा फोन यायचा. एकदाही तू तो विषय काढला नाहीस. मी प्रत्येक वेळी तयारी करून बसायचे, आज विचारेल, आज विचारेल. तू विचारायचीस, पाठ कशी आहे, ऑफिसात माणसं काढून राहिले का अजून, तिकडे ऊन पडलं का. नोव्हेंबरात मी ठरवलं होतं, दिवाळीत सांगू. मग वाटलं, सणाला नको. मग ईशाचा साखरपुडा, तेव्हा नको. मार्चमध्ये तू म्हणालीस, जूनमध्ये पुन्हा जाऊ, यावेळी नेवाडाच्या बाजूनं सुरुवात करू. मी हो म्हटलं. मनात म्हटलं, परत येताना ॲन आर्बरला उतरेन, तुझ्यासमोर दादांशी बोलेन. तू शेजारी बसलीस तर मला जमेल.

मे महिन्यात ईशाचा फोन आला. डोक्यातली रक्तवाहिनी, दुकानातून सामान घेऊन येताना. एवढंच मला समजलं आणि अजूनही त्यापलीकडे समजत नाही. मिलिंदनं दोघांची तिकिटं काढली. विमानात त्यानं एकदाच विचारलं, "मी आलेलं चालेल का त्याला?" मला माहीत नव्हतं.

दार दादांनीच उघडलं. केस पूर्ण पांढरे. "आलात," म्हणाले. मिलिंद म्हणाला, "हो." बस्स. नंतरचे चार दिवस दोघं एका घरात असे वावरले की एक स्वयंपाकघरात आला की दुसरा बाहेर. खांदा दोघांनी दिला, तोही एकमेकांकडे न बघता.

पाचव्या दिवशी दुपारी दादा एकटेच ओट्याशी चहा करत होते. साखरेचा डबा सापडत नव्हता त्यांना. मी काढून दिला. आणि मग उभ्याउभ्याच सांगितलं, सगळं, मध्ये न थांबता. मिलिंदला विचारलं नव्हतं. त्याला दिलेलं वचन मी तिथे मोडलं. शेवटी म्हटलं, "दादा, मी बरोबर ऐकलं का, हे मलाही माहीत नाही. दुसरं कोणी नव्हतं."

चहा उतू गेला. त्यांनी गॅस बंद केला. मग विचारलं, "नीलिमाला माहीत होतं?"

"सप्टेंबरपासून."

ते खुर्चीवर बसले. "जानेवारीत मला एकदा विचारलं तिनं. आईला काय हवं होतं, असा विचार येतो का कधी मनात, म्हणून." हातातल्या डब्याचं झाकण लावलं. "मी उठून दुसऱ्या खोलीत निघून गेलो. तिनं परत विचारलं नाही."

म्हणजे तू प्रयत्न केला होतास. मला दिलेला शब्द न मोडता, दाराची फट जेवढी उघडता येईल तेवढी उघडून पाहिलीस. आणि ते आत आले नाहीत. हे त्यांना आता जन्मभर पुरणार आहे, वहिनी. मला तर पुरणारच आहे.

मग त्यांनी मला विचारलं, "ताटकळत म्हणाली? हाच शब्द?"

"हाच."

"शाळेतून यायला उशीर झाला की फाटकात उभी असायची," दादा म्हणाले. "मारायची नाही. ताटकळत ठेवलंत रे मला, एवढंच म्हणायची. आम्हाला मारापेक्षा त्याचं जास्त वाटायचं." त्यांनी चष्मा काढला. "तू बरोबर ऐकलंस, वैशाली. तिचंच आहे हे."

नऊ वर्षांत पहिल्यांदा माझ्या छातीवरून कोणीतरी हात काढला. मी तिथेच ओट्याला धरून रडले आणि रडताना मला तुझा राग आला, खरं सांगते. त्या दरीत मी वचन पुढे करत होते. आता मला वाटतं, तू सांगायला हवं होतंस. मला दिलेला शब्द मोडायला हवा होतास. दोन आठवड्यांत सगळं उलगडलं असतं आणि पुढचे सगळे महिने तुझ्या वाट्याला आले असते. दोघे भाऊ तुझ्या टेबलाशी बसले असते आणि तू वाढलं असतंस. एवढी शब्दाची पक्की कशाला राहिलीस? तू म्हणशील, जिनं ऐकलं तिनं सांगायचं. माहीत आहे. मला पटलेलं नाही, हे तूही ध्यानात ठेव.

आणि तरी, खरं सांगायचं तर, तू सांगितलं असतंस तर दादांना ते बायकोकडून ऐकीव मिळालं असतं. माझ्या तोंडून तो शब्द त्यांनी ऐकला, म्हणून त्यांना आई ओळखू आली, आणि मला माझा कान परत मिळाला. हे मी अजून उलटंसुलटं करून पाहतेय. तू असतीस तर भिंग लावून सांगितलं असतंस कुठली बाजू खरी.

त्याच दिवशी संध्याकाळी मी मिलिंदला अंगणात नेऊन सांगितलं की मी सांगून टाकलंय. तो चिडला नाही. "बरं केलंस" असंही म्हणाला नाही. हातातला पाइप घेऊन तुझ्या टोमॅटोच्या रोपांना पाणी घालत राहिला, नको तितकं. ईशा आतून म्हणाली, "काका, दॅट्स टू मच वॉटर." तेव्हा त्यानं नळ बंद केला.

आत आलो तर दादा जेवणाच्या टेबलाशी बसलेले. समोर दोन ताटं होती. त्यांनी मिलिंदकडे पाहिलं नाही. ताट त्याच्या बाजूला सरकवलं.

"बस," म्हणाले.

मिलिंद बसला.

"त्या दिवशी सकाळी आई काही खायला मागत होती का रे?"

मिलिंदनं घसा साफ केला. "पेज दिली होती. दोन चमचे घेतले. मीठ कमी आहे म्हणाली."

दादांच्या तोंडाचा कोपरा हलला. "मग?"

"मग मी नर्सकडून मीठ मागून आणलं."

"मग?"

मी आणि ईशा दाराशी उभ्या होतो. कोणी दिवा लावला नव्हता, पण बाहेर अजून उजेड होता. मिलिंद सांगत होता, आईनं नंतर खिडकी उघडायला सांगितली, बाहेर कोणीतरी भाजीवाली ओरडत होती, तिची मेथी चांगली आहे का बघून ये म्हणाली. दादा मान खाली घालून ऐकत होते. तो थांबला की ते पुन्हा "मग?" म्हणत होते.